कमरेत चार बोटं

चार वर्षं रोखायाचे झगे शिवणारे म्हातारे शिंपीकाका त्या दिवशी दुकानात नव्हते. त्यांच्या मशीनवर एक उंच तरुण बसला होता, ओठांत दोन टाचण्या धरून.

"काका गावी गेलेत. मी पुतण्या, बिराम," तो टाचण्यांच्या फटीतून म्हणाला. टेप घेऊन उठला, तिचं माप घेतलं, वही पाहिली, पुन्हा माप घेतलं. "काकांचं काहीतरी चुकलंय. कमरेत चार बोटं जास्त लिहिलीत."

"चुकलं नाही. मीच कमी झालेय."

डाकारच्या शिंप्याला असलं वाक्य वर्षातून एकदासुद्धा ऐकायला मिळत नाही. तिथे बायका येतात त्या झगा सैल करून घ्यायला. बाई अंगाने भरलेली म्हणजे घरात भात-मासळीची चंगळ. रोडावली, की सगळी गल्ली कुजबुजते... आजार, की दुःख?

रोखायाला शुगर निघाली होती, सत्ताविसाव्या वर्षी. सात महिने झाले. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि संध्याकाळी समुद्रावर यायला फर्मावलं. तासभर भराभर चालायचं, मग चटईवर योगासनं. आकडा हळूहळू उतरत होता. पण हे घरात फक्त आत्याला माहीत, आणि आत्याने तोंडाला कुलूप घातलं होतं.

"एकदा बोभाटा झाला, की मागणी घालायला दारात कुत्रं यायचं नाही," आत्या म्हणायची. महिन्यावर चुलतबहिणीचं लग्न आलं होतं. घरच्या तीस बायकांचे झगे एकाच कापडाचे, आणि सगळे बिरामकडेच. "तुझ्या झग्यात आतून कापूस भरायला सांग. हाडं दिसता कामा नयेत."

रोखायाने खाली मान घालून तसं सांगितलं. बिरामने खडू ठेवला.

"आधी आवळायचं, मग फुगवायचं. मी शिंपी आहे, बाई, गादीवाला नाही."

ती हसली. त्यालाही हसू आलं. त्यानंतर फिटिंगला दोनदा जायचं तिथे ती चारदा गेली. त्याच्या बोटांना खडूचा वास यायचा, आणि तो दंडाचं माप घ्यायला लागला, की तिला श्वास कुठे ठेवावा कळायचं नाही. याला कळलं तर? ही काळजी तिला रात्रंदिवस खात होती. कळलं, की हाही टेप गुंडाळून ठेवेल.

"कोण आहे तो?" एकदा त्याने एकदम विचारलं.

"कोण?"

"ज्याच्यासाठी झुरताय तो. काल आणखी अर्धं बोट कमी भरलात."

नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग रोडावताय कशाने? "आहे एक..." ती म्हणाली. "परदेशात."

"नशीबवान आहे," बिराम म्हणाला आणि दाताने दोरा तोडला. त्या दिवसापासून तो टेपसुद्धा लांबून धरायला लागला. रोखाया घरी येऊन रडली. खोटं बोलून तिने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

लग्नाला पाच दिवस उरले. संध्याकाळी ती वाळूत एका पायावर, हात वर जोडून, वृक्षासनात उभी होती. आजूबाजूला आठ म्हाताऱ्या आणि दोन टकले निवृत्त पोलीस. समोर बिराम येऊन उभा राहिला. रोखायाचं झाड तिथेच कोसळलं.

"रोज दुकानावरून घाईघाईने जाता," तो म्हणाला. "म्हटलं, परदेशातला आला की काय. यातला कोणता तो?"

एक पोलीस खाकरला. रोखायाने वाळू झटकली. आता आणखी एक खोटं रचायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"कोणी नाही. मला शुगर आहे, बिराम. म्हणून कमी होतेय."

"बरी होईल ना?"

"जाईलच असं नाही. ताब्यात ठेवायची. गोळी, चालणं, हे असं उभं राहणं... आणि माझ्या मनात दुसरं कोणीही नाही. तुझ्याशिवाय."

त्याचा चेहरा उतरला. त्याने चपला हातात घेतल्या. "मला जायला हवं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. तिसऱ्याही दिवशी. तीस झगे आत, आणि बाहेर आत्या शिव्यांची लाखोली वाहत होती. रोखायाला झग्यांचं काहीच नव्हतं. आपण बोललो म्हणूनच तो पळाला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तो गठ्ठे घेऊन दारात आला. डोळे जागरणाने लाल. आत्याने रोखायाचा झगा ओढून चाचपला.

"यातला कापूस कुठंय?"

"घातला नाही. ती आहे तशीच चांगली दिसते, आत्या." मग तो रोखायाकडे वळला. "आईला सांगायला गेलो होतो, गावी, थिएसला."

"काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"अर्धा दिवस रडली. शेजारणीचा पाय गेला शुगरने, तेवढंच तिला ठाऊक. मी म्हटलं, ही एका पायावर उभी राहते, मी पाहिलंय." तो हसला नाही. "मग म्हटलं, एवढी घाबरतेस, तर चल, आपण दोघंही तपासून घेऊ. माझी नाही निघाली. तिची निघाली. पुष्कळ आहे, रोखाया. डॉक्टर रागावले, इतके दिवस कुठे होतात म्हणून."

आत्याने हातातला झगा खाली ठेवला.

बिरामने खिशातून कागदाची पुडी काढली आणि रोखायाच्या हातात दिली. आत कोलाच्या बिया होत्या, मागणीला नेतात तशा, तांबड्या आणि पांढऱ्या.

"आईनेच दिल्यात. माझ्यासोबत आलीय, गल्लीच्या तोंडाशी बसलीय. आत यायला लाजते. म्हणते, मुलीला आधी विचार... ती मला एका पायावर उभं राहायला शिकवेल का?"

रोखाया अनवाणीच गल्लीकडे धावली.