खुणेच्या दोन अंश पुढे

ही घटना ज्या मेस्त्रीच्या बाबतीत घडली, तो तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातला नाही. गेल्या सप्टेंबरातली मंगळवारची संध्याकाळ, त्याचं स्वतःचं गॅरेज. एवढं तो ठामपणे सांगतो. पुढचं सांगताना मात्र समोरच्याकडे बघत नाही.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची. जुनी, डिस्ट्रिब्युटरवाली, म्हणजे ठिणगीचं टायमिंग डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून लावावं लागतं अशी. भाऊ जाऊन तीन आठवडे झाले होते.

वहिनीला गाडी दारातून जायला हवी होती. ती समोर दिसली की घास उतरत नाही, म्हणाली. गिऱ्हाईक सकाळी येणार होतं. अट एकच, इंजिन खडखडतंय, टायमिंग खुणेवर आणून द्या.

भाऊ टायमिंग कानाने लावायचा. खुणेच्या दोन अंश पुढे. त्यावरून दोघे जन्मभर भांडले.

वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर बसून इंजिन चालू ठेवत होती. मेस्त्रीने शटर अर्धं ओढलं आणि टायमिंगचा दिवा इंजिनच्या पुलीवरच्या खुणेवर धरला. हा दिवा ठिणगीबरोबर लुकलुकतो, त्यामुळे फिरती पुली थांबल्यासारखी दिसते.

त्याने डिस्ट्रिब्युटर फिरवला. खूण जुळवली. बोल्ट आवळला.

पुन्हा दिवा धरला...

दोन अंश पुढे.

बोल्टला पाना लावून बघितला. घट्ट होता.

पुन्हा जुळवली, पुन्हा आवळला. इंजिनचा आवाज हळूच बदलला... भावाला आवडायचा तसा.

मेस्त्रीला भीती वाटली नाही. तीन आठवडे त्याला काहीच वाटत नव्हतं.

"भावजी," वहिनी आतून म्हणाली. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून तिला इंजिन तेवढं दिसत होतं. "अंगठी काढून ठेवा. बॅटरीला लागली तर शॉर्ट होईल. ह्यांना तुम्हीच ओरडायचात ना."

मेस्त्रीने दोन्ही हातांनी दिवा धरला होता.

अंगठी त्याने कधी घातलीच नव्हती.

"काढली," तो म्हणाला.

"कुठे? डिस्ट्रिब्युटरवरच्या हातात दिसतेय की."

त्याने दिवा बंद केला.

"हां... आता काढलीत."

इंजिन बंद करून वहिनी खाली उतरली. चावी देताना तिची नजर त्याच्या बोटांवर गेली. आधी एका हाताच्या, मग दुसऱ्या. मग तिने गळ्यातली साखळी चाचपली. भावाची अंगठी तिने त्यात ओवली होती.

होती तिथेच होती.

चावी तिने मुठीत मिटली.

"गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवा, भावजी. आणि हा दिवा मला द्या."

गाडी आजही तिच्याच दारात आहे. अधूनमधून संध्याकाळी तिकडून इंजिनचा आवाज येतो. बराच वेळ, एका लयीत...

मेस्त्रीने दिवा परत मागितलेला नाही.