शेत कोणाचां

त्या दिवशी सकाळपासून वारा म्हणून नव्हता. दोन हजार पंचवीसचा मार्च, आठ तारीख, शनिवार. होळी पाच दिवसांवर आलेली. ऊन असं, की मळ्यातली जमीन तडकून तिच्या भेगांत बोट जावं. काजूच्या बागेत आंबूस-गोड वास भरून राहिला होता, आणि दुपार कलली तरी समुद्राकडून यायचा तो खारा वारा काही आला नाही. माडाच्या झावळ्या चित्रातल्यासारख्या उभ्या.

चार वाजता महादू घरातून निघाला. आपला महादू, कसालहून मालवणकडे जाताना वळणावर ज्याचं घर लागतं तो. अंगात धुतलेला सदरा, खांद्यावर पंचा. त्याला मोठ्या घरी बोलावणं होतं. शाळेतल्या अस्मिताबाईंनी निरोप धाडला होता, कार्यक्रम आठला असला तरी जरा लवकर या, एक लहानसं बोलायचं आहे.

मोठं घर म्हणजे जुन्या खोतांचं. तुम्ही बाहेरून पाहिलंय. खोती गेली, कूळकायदा आला, खोतांची माणसं पुण्या-मुंबईला पांगली, पण घर राहिलं. आता त्यांच्यातल्याच गुरुप्रसादाने ते पुन्हा उभं केलंय. चिरे घासून काढले, खांबांना तेल दिलं, खोल्याखोल्यांतून पाहुणे उतरतात. त्या पाहुण्यांसाठी त्याने ठरवलं होतं, की आपल्या भागातली जुनी गाणी आपल्या जुन्या घरात व्हावीत. अस्मिताबाई दोन वर्षं गावोगाव फिरून ती गोळा करत होत्या. कुणाची जात्यावरची ओवी, कुणाची होळीची गाणी. आणि शेवटी महादूची भातलावणीची.

आता लावणीची गाणी बायकांची. पुरुष ती गात नाहीत. पण महादूने उभा जन्म बायकांच्या ओळीपुढे गुट्ट्याची फळी फिरवून चिखल सारखा करण्यात घालवला. ऐकून ऐकून गाणी त्याच्यात उतरली. गाणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या आणि गाणी याच्याकडे राहिली. बायका हसायच्या. शेजारची मथुरा तर तोंडावर म्हणायची, "तुझ्या गळ्यात कोण बाईल बसली आसा रे?" महादूही हसायचा. त्याला राग असा येतच नसे.

या गाण्याची एक रीत आहे, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ओळीत जी पुढची असते ती गाण्याचा एक चरण टाकते. मागच्या बायका तो उचलतात. त्याला झील धरणं म्हणतात. झील मिळाली, की पुढची दुसरा चरण टाकते. झील मिळेपर्यंत तिने पुढे जायचं नाही. कंबर सरळ करायची नाही. मान वर करायची नाही. तोच चरण पुन्हा टाकायचा.

महादूची आजी कावेरी अशीच पुढची होती. महादूचा बापूस तेव्हा पाच वर्षांचा. खोतांच्या मोठ्या कोपऱ्यात, म्हणजे भातखाचरात, लावणी चालली होती आणि खोत स्वतः छत्री धरून मेरेवर, बांधावर, उभे. वेठीचा दिवस, पोटात अन्न नाही. कावेरीने गाता गाता नवा चरण टाकला.

शेत कोणाचां गे बाये, शेत कोणाचां?

मागे बारा बायका. खोत वर उभे. एकीनेही झील धरली नाही. कावेरीने तो पुन्हा टाकला. पुन्हा. पाऊस कोसळत होता. दिवेलागणीपर्यंत ती वाकलेली आणि तोच एक सवाल. खोत घरी गेले तेव्हा बायका धावल्या, तिच्या पाठीला हात लावला... ती तशीच वाकलेली गार झाली होती.

तेव्हापासून गाव ते गाणं तिथपर्यंत गातं आणि थांबतं. सवालाचं उत्तर दुसऱ्या चरणात यायचं होतं. ते तिच्या तोंडात होतं. ते कुणाला ठाऊक नाही.

महादू कार्यक्रमाला हो म्हणाला तो एवढ्यासाठीच. कावेरीचा फोटो नाही, कागदावर नाव नाही. तिचा म्हणून काय तो हा सवाल. तो ज्यांना विचारला होता त्यांच्या घरात एकदा तो टाकायचा होता. अस्मिताबाई सगळं रेकॉर्ड करणार होत्या. त्यात आलं तर राहिलं. महादूचा गळा हिवाळ्यापासून बसत चालला होता. पुढच्या वर्षीची त्याला खात्री नव्हती.

मोठ्या घरी गेल्यावर चहा आला, बिस्किटं आली. अस्मिताबाई खाली बघत बसल्या. बोलला गुरुप्रसाद. पोरगा तसा वाईट नाही, आवाज चढवत नाही. म्हणाला, "महादूकाका, तेवढा शेवटचा चरण सोडा. आई समोर बसणार आहे. शंभर वर्षांपूर्वीचं आता कशाला? बाकी सगळं गा."

महादूने बशीतला चहा संपवला. बशी पुसून ठेवली. मग म्हणाला, "चरण सोडलो तर मगे मी गाऊक कित्याक इलंय?"

गुरुप्रसाद हसला आणि उठून आत गेला. महादूशी तो पुन्हा त्यावर बोलला नाही. पण स्वयंपाकघराकडे जाऊन महादूमागे झील धरायला आलेल्या चौघींशी बोलला, त्यांत मथुराही होती. मथुरेची सून प्राजक्ता त्याच घरात कामाला. आणखी दोघींच्या मुली तिथेच. त्याने दम दिला नाही. हात जोडून एवढंच सांगितलं, की काकांनी तो चरण टाकलाच तर तुम्ही गप्प राहा, म्हणजे झालं.

हे महादूला ठाऊक नव्हतं.

रात्री आठला माजघर भरलं. पांढऱ्या चादरींवर पाहुणे, मागे गावातली माणसं. नवमीचं चांदणं चौकात पडलेलं. ओव्या झाल्या, होळीची गाणी झाली, लोक खूश. नऊला महादूचं नाव पुकारलं.

त्याने माइक हातात घेतला नाही. अस्मिताबाईंनी तो खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावून दिला, कारण महादूचं गाणं उभ्याने येत नाही. त्याने पंचा कमरेला बांधला आणि शेतात वाकतात तसा वाकला. मागे चौघी वाकल्या. लोकांना गंमत वाटली. काहींनी फोन वर केले.

गाणं लागलं. महादू चरण टाकी, चौघी झील धरीत, आणि पाचही जणं एकेक पाऊल मागे सरत, जसं लावताना सरतात. लोक टाळीचा ठेका धरू लागले. महादूला वाकल्यामुळे स्वतःच्या पायांमधून दिसत होते ते फक्त मागचे पाय. चौघींचे आठ पाय. ते तो चाळीस पावसाळे ओळखत होता. मथुरेची जोडवी, डाव्या पायाचं मोडलेलं बोट.

नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याने तो चरण टाकला.

शेत कोणाचां गे बाये, शेत कोणाचां?

मागून काही आलं नाही.

त्याला वाटलं, श्वास घेतायत. त्याने पुन्हा टाकला. मागे आठ पाय थांबलेले. मथुरेने मोडलेलं बोट आत मुडपून घेतलं. महादू काय ते समजला. राग त्याला तेव्हाही आला नाही. तो मनात म्हणाला, बरां, रवा तुमी गप. रीत माका आसा, तुमका नाय. आणि तिसऱ्यांदा टाकला.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं. गुरुप्रसादाने माइकवाल्याला खूण केली. माइक बंद झाला, अस्मिताबाईंचं रेकॉर्डिंगही तिथेच थांबलं. महादूने चौथ्यांदा टाकला, उघड्या गळ्याने.

गुरुप्रसाद जवळ आला. वाकून हळूच म्हणाला, "काका, झालं आता. उठा, लोक टाळ्या वाजवतील."

महादूला त्याचे बूट दिसले. बुटांना बघूनच तो म्हणाला, "झील गावल्याशिवाय उठूची रीत नाय."

आणि पाचव्यांदा. सहाव्यांदा. दहाव्यांदा. सत्तरीचा माणूस. पाठ पेटली होती. घाम नाकावरून लादीवर ठिबकत होता. गळा फाटत चालला. मागे मथुरा रडते आहे हे त्याला ऐकू येत होतं. पण झील नाही. माजघरात दीडशे माणूस, आणि चादरीची सळसळ नाही. नऊ वाजून पंचवीस मिनिटं.

मग त्याच्या घोट्यांना गार लागलं.

त्याला वाटलं, चक्कर येतेय. लादी होती तशीच कोरडी. पण घोट्यापर्यंत गार... जड. आणि वास. काजूचा नाही, माणसांच्या अत्तरांचा नाही. आषाढातल्या मळ्याचा वास. कुजलेला पाला, ओलं शेणखत, पाऊस.

त्याने सवाल टाकला. आवाज घोगरा, अर्धा.

मागे...

मागे आठ पाय होते. त्यांच्या मागे आणखी पाय होते.

ते त्याने ओळखले नाहीत. काळे, बारीक, चिखलाने पोटरीपर्यंत माखलेले. एक जोडी. तीन. सात... मोजायचं नाही असं त्याने ठरवलं. मोजून झालंच. बारा जोड्या. एका ओळीत. लावणीला उभ्या राहतात तशा.

मान वर करायची नाही. रीत आहे.

त्याने मान वर केली नाही.

पुन्हा टाकला. शेत कोणाचां गे बाये...

आणि झील आली.

कोणाचां गे... कोणाचां...

चौघींची नव्हती. मथुरेचे ओठ मिटलेले होते, ती आजही शपथेवर सांगते. आवाज म्हाताऱ्यांचे नव्हते. तरण्या बायकांचे होते. दमलेल्या. उशीर झालेल्या. जमिनीतून यावेत तसे. पुढे बसलेल्या एका पाहुण्याने पाय उचलून पोटाशी घेतले.

कोणाचां गे... कोणाचां...

महादूच्या उजव्या हाताला एक पाऊल टेकलं. एकच त्याला दिसलं. त्याच्या अगदी बाजूला, पुढच्याच्या जागेवर. टाच मागे, बोटं पुढे. लहान पाऊल. अंगठ्याच्या नखात चिखल.

त्याला भीती वाटली का, असं मागाहून सगळ्यांनी विचारलं. तो म्हणतो, भिवाक येळ खंय होतो? झील मिळाली होती. आता दुसरा चरण टाकायचा होता, आणि दुसरा चरण त्याला येत नव्हता.

त्याने तोंड उघडलं...

आणि तो आला. त्याच्याच गळ्यातून, पण दोन आवाजांत. एक त्याचा. एक बाजूचा.

जेचां पावल रुतलां गे बाये, तेचां शेत.

एकदाच.

मग काही नाही. गार गेलं, वास गेला. महादूने हात गुडघ्यावर टेकून कंबर सरळ केली. मागे चौघी. तेवढ्याच. मथुरा खाली बसलेली. गुरुप्रसादाची म्हातारी आई खुर्चीतून उठून उभी होती आणि तिने डोक्यावरून पदर घेतला होता. टाळी कुणी वाजवली नाही. लोक उठले, चपला शोधल्या, एकमेकांकडे न बघता गेले. दहाला मोठ्या घरात दिवे तेवढे राहिले.

महादू घरी चालत गेला. तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि झोपला. त्याला म्हणे कित्येक वर्षांत तशी झोप लागली नव्हती.

सकाळी सातला प्राजक्ता धावत आली. मालकांनी बोलावलंय म्हणाली, आत्ताच्या आत्ता. महादू गेला, मागोमाग मथुराही गेली. रात्रीपासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

माजघरातल्या चादरी उचललेल्या होत्या. गुरुप्रसाद मधोमध उभा होता, कालच्याच कपड्यांत. त्याने बोट दाखवलं.

महादू वाकला होता तिथे, त्याच्या उजव्या अंगाला, काळ्या दगडाची लादी. चार माणसांनी उचलायची ती. तिच्यात एक पाऊल रुतलेलं होतं. डाग नव्हे, चित्र नव्हे. चार बोटं खोल. ओल्या चिखलात पाय दाबला की कड जशी वर येते, तशी दगडाची कड वर आलेली. पाची बोटं वेगळी दिसत होती.

गुरुप्रसाद म्हणाला, की गवंड्याला बोलावलंय, लादी बदलून घेतो. महादू म्हणाला, घेवा, कोण नको म्हणता. पण गवंडी आला, त्याने बघितलं आणि हत्यारं पिशवीत भरून निघून गेला. दुसराही तसाच. ती लादी आजही तिथे आहे. वरून सतरंजी टाकलीय. तुम्ही गेलात तर सतरंजी उचलायला कुणी नाही म्हणत नाही.

त्या सकाळी मात्र ते उघडं होतं. मथुरा पुढे झाली. उकिडवी बसली, त्या पावलाच्या कडेवरून बोट फिरवलं, सावकाश, सगळीकडून. गुरुप्रसाद बघत होता. तो तिथे आहे हे तिला माहीत होतं. तरी तिने आवाज खाली केला नाही. मान वर केली आणि महादूला विचारलं,

"मगे आता घर कोणाचां रे, महादू?"