हत्तीडोहाच्या काठ्या

पाणवन अभयारण्याच्या नियंत्रण कक्षात भिंतभर नकाशा होता. तराईतल्या दलदलीतून आणि गवताळ माळांवरून फिरून पुन्हा त्याच फाटकाशी येणारी एकशे दहा किलोमीटरची चक्रवाट त्यावर हिरवी दिसत होती. फक्त हत्तीडोहाच्या उतारापाशी बोटभर लाल पट्टा होता. डॉ. हेमलता बोरकर त्या पट्ट्याकडे स्वतःच्या अंगणात कुणी कुंपण घातल्यासारखं बघत होत्या. तीस वर्षांपूर्वी ही वाट त्यांनीच पायी फिरून आखली होती.

"काहून लाल आहे रे हे, निशिकांत?"

कक्षाचा प्रमुख निशिकांत दलाल हा एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी. यंत्रापुढे ताठ आणि बाईंपुढे अजून विद्यार्थीच.

"धोकागणकाचं गणित आहे, बाई. प्रत्येक वाटसरूच्या मनगटाला नाडीपट्टा असतो. कोण कुठे पडलं, बुडालं, हे गणकाला कळतं. कुठल्याही टप्प्यावरच्या शेवटच्या वीस नोंदींची सरासरी म्हणजे तिथला धोका. पाच टक्क्यांना पोचला की टप्पा लाल, आणि लाल टप्प्यात कुणी जायचं नाही."

"कुणी गेलंच नाही तर सरासरी बदलणार कशी?"

निशिकांतनं चष्मा पुसला. "नाही बदलणार."

"शाबास! म्हणजे रोगी आजारी आहे म्हणून त्याला दवाखान्यातच घ्यायचं नाही." बाईंचा आवाज चढला. "आणि पंधरा दिवसांनी तुमची समिती हा पट्टा वाटेतून काढणार, मग तिथून रस्ता जाणार. माझी वाट दुभंगणार. डोहात माणसं का पडली, एक का बुडालं, ते विचारलं का यंत्राला?"

"का पडली?"

"काठ्यांमुळे."

उताराची रीत जुनी होती. डोहाच्या दोन्ही काठांवर बांबूच्या काठ्या ठेवलेल्या असायच्या. चिखल चाचपत पलीकडे जायचं आणि काठी तिथंच ठेवायची. उलट दिशेनं येणारा ती परत आणायचा. निम्मे वाटसरू डावीकडून निघत, निम्मे उजवीकडून, त्यामुळे काठ्या कधी कमी पडल्या नाहीत. मग तीन वर्षांपूर्वी गणकानं शोध लावला, की उजवीकडून चालणं दीड टक्क्यानं सुरक्षित आहे. तेव्हापासून सगळे एकाच दिशेनं जाऊ लागले.

"सगळ्या काठ्या पलीकडे साचल्या असतील," बाई म्हणाल्या, "आणि लोक रिकाम्या हातानं डोहात उतरले."

"गणकाला काठी दिसत नाही, बाई. त्याला फक्त नाडी दिसते."

"मग मी पाहून येते. सुखरूप ओलांडल्याची एक नोंदही देते तुझ्या गणकाला."

त्यांनी लाल पट्टा टाळणाऱ्या आखूड वाटेचा परवाना काढला, पाठीवर सहा दिवसांचा शिधा घेतला आणि फाटकातून गेल्या. चौथ्या दिवशी हत्तीडोहाकडे वळल्या, तसा नाडीपट्टा बोंबलू लागला: 'मागे फिरा. मागे फिरा.' तासभर त्यांनी सोसलं. शेवटी पट्टा काढून जवसाच्या चटणीच्या डब्यात घातला आणि झाकण घट्ट लावलं. मग स्वतःची काठी रोवत, छातीभर पाण्यातून, त्या पलीकडे पोचल्या. तिथे गवतात चाळीस काठ्या आडव्या पडल्या होत्या. बाईंना रडू आलं. एक साधी रीत मोडल्यापायी एक माणूस बुडालं होतं, आणि ती मोडणाऱ्या गणकाला त्याची गंधवार्ताही नव्हती.

सहाव्या दिवशी त्या फाटकाशी आल्या, तेव्हा निशिकांत धावत आला. त्याचे डोळे सुजले होते.

"बाई, तुम्ही मेलात!"

"मेल्यावर एवढी भूक लागते होय?"

"दोन तास नाडी लागली नाही की गणक मृत्यू नोंदवतो. शोधपथक पाठवायला निघालो, तर त्यांनाही लाल टप्प्यात बंदी." त्यानं डोळे पुसले. "तुमच्या नोंदीनं तिथला धोका आणखी वाढला. आणि मृत्यूची नोंद खोडता येत नाही. कुणी फेरफार करू नये म्हणून तशी सोयच ठेवली नाही."

बाई पायरीवर बसल्या. पट्टा डब्यात कोंबण्याचा शहाणपणा त्यांचाच होता. वाट वाचवायला गेल्या आणि स्वतःच तिच्यावर शेवटचा घाव घालून आल्या! मग त्यांनी डबा उघडला, चटणीनं माखलेला पट्टा पुसून मनगटाला बांधला आणि हात फाटकावरच्या यंत्राच्या डोळ्यासमोर धरला.

"परवाना हवा," त्या फाटकाला म्हणाल्या. "डावीकडून. हत्तीडोहापर्यंत आणि परत."

निशिकांत कळवळला. "बाई, तिथला धोका आता दहा टक्क्यांवर..."

फाटकावर अक्षरं उमटली. 'प्रवासी: मृत. यापुढे मृत्यूची शक्यता: शून्य.'

फाटक उघडलं.

निशिकांत आ वासून बघत राहिला. मग त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "उतार ओलांडाल, तेव्हा तुमची नोंद शून्य पडेल. वीसदा ओलांडलात, तर जुन्या सगळ्या नोंदी मागे पडतील. टप्पा हिरवा होईल!"

"डावीकडून डोह दोन दिवसांवर. तिथेच दहादा जाणं, दहादा येणं. एका खेपेला चार काठ्या. चाळीसच्या चाळीस परत उतरायच्या काठावर येतात बघ." बाई उठल्या. "समितीला अजून नऊ दिवस आहेत, आणि मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

"एकट्यानं दहा खेपा? छातीभर पाण्यात?"

"तू जिवंत आहेस बापा. तुला परवानगी नाही."

निशिकांतनं वर नियंत्रण कक्षाच्या खिडकीकडे पाहिलं. मग त्यानं स्वतःचा नाडीपट्टा सोडला आणि हात पुढे केला.

"बाई, तो डबा द्या जरा."

"अरे, इथे मेलास तर फाटकापुढचा टप्पा लाल होईल."

"होऊ द्या. आत जाताना आपण दोघं शून्याच्या दोन नोंदी टाकू, उरलेल्या अठरा येताना इथेच ये-जा करून."

बाईंनी डबा दिला. त्यानं पट्टा आत ठेवला, झाकण लावलं आणि घड्याळ पाहिलं. मेल्याची नोंद व्हायला दोन तास होते. दोघं फाटकाशी सावलीत बसले आणि उरलेल्या भाकरीला चटणी नव्हती म्हणून बाईंनी त्याला चार शब्द सुनावले.