जिना चढणारी नदी

तो दुकानात शिरला तो रिकामं खोकं घेऊन. काउंटरवर कोपर टेकून ती रेकॉर्ड ऐकत बसली होती. रेकॉर्डचं दुकान मावशीचं, पण दुपारी कोणती रेकॉर्ड लावायची, ही सत्ता मात्र भाचीची.

"स्पीड चुकलाय," तो म्हणाला. "ही पंचेचाळीसवर लावायची. तुम्ही तेहेतीसवर लावलीय."

घ्या! मोठी तबकडी म्हणजे मिनिटाला तेहेतीस फेऱ्या, हे तिच्या हाताला इतकं सवयीचं, की लेबलावरचा बारीक आकडा बघतंय कोण? तीन महिने रोज ती हेच ऐकत होती — खोल आवाजात सावकाश गाणारा कुणी एकटा माणूस, गिटार, टेप उलटी फिरवल्यासारखी वाजणारी बासरी आणि एका गाण्यात जिना चढून घरात येणारी नदी. ऐकता ऐकता पायाखालची फरशी ओली लागायची. कव्हरवर गायकाची नुसती पाठ होती.

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच गायलोय."

तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मला वाटलं, पन्नाशीचे असाल."

"तेहेतीसवर... असेनही." तो हसला, पण लगेच त्यानं खोकं पुढे सरकवलं. "उरलेल्या प्रती न्यायला आलोय. कुणी ऐकत नाही. भंगारात घालतो आणि मोकळा होतो. गाणंच सोडतोय आता."

तिनं खोकं परत त्याच्याकडे ढकललं. "मी नाही देणार. आधी बसा."

तिनं स्पीड बदलला. तोच आवाज तरणा होऊन धावायला लागला. पहिलं गाणं झकास झालं. नदीच्या गाण्यावर मात्र तिनं सुई उचलली.

"खरं सांगू? यात तुम्ही घाबरून पळताय. शेवटच्या कडव्याआधी एक श्वास आहे ना... रेकॉर्ड सावकाश लावली, की वाटतं, हा माणूस आता काहीतरी खरं बोलणार."

"तो काढून टाकायचा राहून गेला."

"बरं झालं. त्या श्वासापायी मी रोज जेवण अर्धवट टाकून येते. आवाजाच्या प्रेमात पडलेय, असं म्हणणार होते — पण तुम्ही समोरच आहात, तर आडवळण कशाला?"

त्याचे कान लाल झाले. "वय बघून निराशा नाही झाली?"

"चालवून घेईन."

त्यानं रिकामं खोकं पायाशी ठेवलं. मग म्हणाला, "एक गाणं अर्धं पडलंय. अजून कुणालाच ऐकवलं नाही."

"ऐकवा."

"इथे? आत्ता?"

तिनं उठून दार लोटलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली. त्यानं घसा साफ केला. मग तिच्याकडे बघत, अजिबात घाई न करता, तो गायला लागला.