चार ठीक

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, वाद घालायला मला आज वेळ नाही.

तीन वर्षं झाली. आमचं संशोधन जहाज ध्रुवाकडच्या समुद्रात होतं. वेळ दुपारची. तिकडे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे अंधारात भास झाला वगैरे मला सांगू नका.

जहाजावर तऱ्हेतऱ्हेची शास्त्रज्ञ मंडळी होती. बर्फवाले, शेवाळवाले, हवावाले, खारं पाणी तपासणारे. बर्फाचा एकच तुकडा सगळ्यांना हवा असायचा आणि जेवणाच्या टेबलावर त्यावरून जुंपायची. मी वायरलेसवर होते. माझा सख्खा मोठा भाऊ बर्फाला भोकं पाडायचं यंत्र चालवायचा. त्याला या नोकरीत मीच ओढलं होतं.

निघताना वहिनी म्हणाली होती, "भोंगा, माणूस तुझ्या हवाली करतेय. आहे तसा परत आण."

माझा आवाज मोठा, म्हणून ती मला भोंगा म्हणते.

त्या दिवशी दादा धरून चौघं बर्फावर उतरले. जहाजापासून अर्धा किलोमीटर.

नियम साधा होता. दर अर्ध्या तासाने मी हाक द्यायची. प्रत्येकाने आपला नंबर सांगून 'ठीक' म्हणायचं. एकाचं जरी उत्तर आलं नाही, तर लगेच रबरी होडी सोडायची. वायरलेस एकच, तो दादाच्या गळ्यात. तो पाळीपाळीने प्रत्येकाच्या तोंडाशी धरायचा. चौथा नंबर त्याचा स्वतःचा.

दादा कधीच नुसतं 'ठीक' म्हणत नसे.

"चार ठीक. चहा टाक."

दीड वाजताही हेच म्हणाला. मी हसले आणि वहीत चार खुणा केल्या.

मग धुकं आलं. खिडकीबाहेरचा कठडाही दिसेना.

दोन वाजता मी हाक दिली.

नुसती घरघर... मग एक ठीक. दोन ठीक. तीन ठीक.

जरा वेळाने... "चार ठीक."

मी वाट पाहिली. चहाचं काही आलं नाही.

मला ते खटकलं. खरंच खटकलं. पण वाटलं, गारठलाय, वैतागलाय. चार उत्तरं आली होती आणि नियमात चहा नव्हता. मी चार खुणा केल्या.

अडीचलाही चार उत्तरं आली. या वेळी घरघरसुद्धा नव्हती... शेजारच्या खुर्चीत बसून कुणी बोलावं इतका स्वच्छ आवाज.

पुन्हा चहा नाही. पुन्हा चार खुणा.

तीनला धुकं विरळ झालं. मी दुर्बीण लावली.

बर्फावर माणसं होती... तीन.

होडी गेली आणि त्या तिघांना घेऊन आली. शेवाळवाल्या बाई त्यांच्यात होत्या. त्यांनीच सांगितलं. दोनला दहा कमी असताना बर्फ तडकला. मधली फट रुंदावत गेली आणि पलीकडे दादा पाण्यात पडला. गळ्यातल्या वायरलेससकट. कडेला धरून तो बराच वेळ हाका मारत होता. धुक्यात ऐकू यायचा, पण यांना पोचता येईना. हे तिघंही जहाजाकडे तोंड करून ओरडत होते.

मला ते काही ऐकू आलं नव्हतं. माझ्या कानात 'ठीक' वाजत होतं.

मी जहाजाच्या डॉक्टरांना विचारलं, त्या पाण्यात माणूस किती वेळ टिकतो. ते म्हणाले, वीस मिनिटं. फार तर पंचवीस.

दोनला होडी सुटली असती, तर दहा मिनिटांत पोचली असती.

दादा सापडला नाही.

मी त्या तिघांना वही दाखवली. दीडनंतर त्यांच्यापैकी कुणी वायरलेसवर एक शब्दही बोललं नव्हतं.

वायरलेसवरचं सगळं बोलणं आमच्याकडे आपोआप रेकॉर्ड होतं. कप्तानाने ते लावलं. दोनची हाक, माझा आवाज. मग एक, दोन, तीन, चार.

चारही उत्तरं दादाच्या आवाजात होती. मला त्या वेळी चार वेगळे आवाज ऐकू आले होते.

तीनदा लावलं. तीनदा तेच. कप्तानाने यंत्र बंद केलं आणि कपाळाला हात लावून बसला.

तेव्हापासून मी डोकं फोडून घेतेय. तो दादा असेल, तर त्याने मला का थांबवलं? आणि नसेल, तर कोण होतं? काहीही असो, माणूस माझ्या हवाली होता आणि मी खुणा करत बसले.

वहिनी त्या रेकॉर्डिंगसाठी तीन वर्षं मागे लागली होती. तिला फक्त त्याचा आवाज ऐकायचा होता. परवा माझा धीर सुटला आणि मी तिला नक्कल दिली.

काल दुपारी तिचा फोन आला. रडत होती, पण खुशीत.

"भोंगा, अगं, शेवटी चहा टाक म्हणतो की गं."

"दीडला ना?"

"नाही गं. अगदी शेवटी. अडीचच्या."

अडीचच्या रेकॉर्डिंगमध्ये चहा नाही. मी ते शंभरदा ऐकलंय.

"मी टाकलाय," ती म्हणाली. "दोन कप."

मी तिला म्हटलं, ते आत्ताच्या आत्ता पुसून टाक. ती हसली आणि फोन ठेवला. रात्री पुन्हा बोललो, तेव्हा नेहमीसारखीच होती. मला दोनदा भोंगा म्हणाली. म्हणून मीही निवांत झोपले.

आज दोन वाजता मी तिला फोन केला. तिने उचलला.

आधी काहीच नाही... मग, "ठीक."

मी वाट पाहिली.

भोंगा म्हटलं नाही. तीन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

मी पुन्हा फोन लावला. पुन्हा तिचाच आवाज, शेजारी बसून बोलावं इतका स्वच्छ. "ठीक."

तिचं घर माझ्यापासून वीस मिनिटांवर आहे. मी चप्पल घालून निघाले आहे. हे चालता चालता लिहितेय. मला काही झालं, तर निदान कुणाला तरी माहीत असावं.

या वेळी मी खूण केलेली नाही.