साखर घालूनही गुलाब का सुकले?

आदल्या दिवशी अण्णा नेहमीसारखेच होते. मावळातल्या आपल्या हरितगृहात त्यांनी लाल गुलाब कापले, हरकाम्या नावाच्या यंत्रमानवाला दोनदा झापलं, आणि देठांची खालची पानं काढली नाहीत म्हणून आपल्या मुलीला, सुनीतीलाही सोडलं नाही. "एवढी शिकलीस, पण पानं पाण्यात कुजतात हे कळेना." तिनं पानं खुडायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं हृदय थांबलं.

सुनीतीचा भाऊ चांद्रतळावर होता. त्याचं यान रविवारी उतरणार होतं. आजोबांनी कापलेले गुलाब बाबाला दाखवायचेच, असं त्याच्या मुलीनं, शलाकानं ठरवलं. फुलाला साखर लागते, हे तिनं आजोबांकडूनच ऐकलेलं. तिनं फुलदाणीत मूठभर साखर ओतली. पाणी गढूळ झालं आणि फुलांनी माना टाकल्या.

"आत्या, पोटभर खायला दिलं तरी असं का?"

सुनीती आधीच धुमसत होती. सगळी फुलं उकिरड्यावर फेकावीत, असं तिला वाटलं. पण पोरीचं तोंड पाहून ती बादली घेऊन बसली.

हरकाम्यानं देठाचा पातळ काप भिंगाखाली धरला. जलवाहिन्या (पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या) बुळबुळीत थरानं बुजल्या होत्या. साखर फुलाला हवी असते तशी जिवाणूंनाही, त्यानं समजावलं. नुसत्या साखरेवर तेच माजतात. म्हणून परिरक्षक द्रावणात (फुलं टिकवणाऱ्या पाण्यात) साखर बेतानं घालतात, सोबत किंचित जंतुनाशक आणि लिंबात असतं तसलं आम्ल. आंबट पाण्यात जिवाणू फोफावत नाहीत आणि ते देठात सहज चढतं.

नळ्यांत हवा शिरू नये म्हणून सुनीतीनं देठांची बुजलेली टोकं बादलीतल्या पाण्याखालीच कापली आणि फुलं अशा ताज्या द्रावणात ठेवली.

"म्हणजे पाणी होतं, वाट बंद होती," शलाका म्हणाली. "आजोबांचंही तसंच झालं?"

"तसंच काहीसं. रक्ताची वाट," सुनीती म्हणाली.

"त्यांच्या छातीत महिनाभर दुखत होतं," हरकाम्या म्हणाला. "हंगाम संपेपर्यंत सुनीतीला सांगू नकोस, म्हणाले."

त्याला लाथ घालावी, असं तिला वाटलं. पण त्यानं ऐकलं होतं ते अण्णांचंच.

संध्याकाळपर्यंत दोन सोडून सगळ्या फुलांनी माना उचलल्या. रविवार गाठणार, शलाकानं जाहीर केलं. आणि बाबा परत निघेल तेव्हा त्याच्याबरोबर चंद्रावरही गुलाब धाडायचे.

सुनीती हरितगृहाच्या दारात जाऊन उभी राहिली. आत कुणी नव्हतं.

"अण्णा, मला तुमचा राग आलाय," ती मोठ्यानं म्हणाली. "एक फूल लवलं तरी मला हाक मारायचात. मग तेव्हा का नाही मारलीत? मी धावत आले असते."