पांढरी झालेली चकती

पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत तो चक्क माझा चष्मा डोळ्यांवर चढवून निघाला होता. "अहो, तो माझा आहे," म्हटलं, तर म्हणतो कसा, "तरीच... आज सगळं छान का दिसतंय!" झालं. मी तिथंच विरघळले.

सगळे त्याला गुंताशास्त्री म्हणायचे. त्याच्या काचेसारख्या नितळ प्लास्टिकमध्ये रेणूंच्या लांब साखळ्यांचा नुसता गुंता असतो, न विंचरलेल्या केसांसारखा. त्यांना ओळीत बसवून स्फटिक करायचे, हा त्याचा ध्यास. तापवून झालं, ताणून झालं, साखळ्या ढिम्म.

हल्ली मात्र स्वारी सारखी मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत. तिथं ती मायक्रोस्कोपवाली, गालावर खळीबिळी... दाराआडून तिचं खिदळणं ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी मुद्दाम नखं लालचुटुक रंगवली होती, त्याचं साधं लक्षही नाही! त्या संध्याकाळी चिडून मी अ‍ॅसिटोनच्या बोळ्यानं दहाही नखं पुसली, बोळा समोरच्या डबीत कोंबला आणि झाकण दाबलं. डबी कोणाची, ते बघायला डोकं ठिकाणावर होतं कुठं?

सकाळी तो डबी घेऊन उभा. आतली प्लास्टिकची चकती दुधासारखी पांढरी.

"बोळा माझा आहे," मी म्हटलं. "वाया गेली ना चकती?"

तो अंधाऱ्या खोलीकडे धावला, मी मागोमाग. मायक्रोस्कोपवालीनं चकती भिंगाखाली ठेवली, बघितलं आणि मला खुर्ची दिली. भिंगातून पाहिलं, तर काळ्या अंधारात लखलखते ठिपके... स्फटिक.

"अ‍ॅसिटोनच्या वाफेनं साखळ्या सैल झाल्या, सरकून ओळीत बसल्या," तो पुटपुटला. मग माझ्या बोटांकडे बघत, "पण रंग का पुसलास? ज्याच्यासाठी लावला होतास, तो... रागावला?"

"कोणासाठी म्हणे?"

"मला काय माहीत. लाल नखं दिसली आणि वाटलं, तुझं कुठंतरी जमलं. बाहेर बसवेना, म्हणून इथं येऊन बसायचो."

"आणि उसासे टाकायचा," मायक्रोस्कोपवाली म्हणाली. "हसून हसून माझी पुरेवाट झाली. आता तुमचं तुम्ही बघा." ती दार ओढून निघून गेली.

"वेड्या, तुझ्यासाठीच लावला होता."

अंधारात त्याची बोटं माझी नखं चाचपत राहिली.

"पुन्हा लाव," तो म्हणाला. "आणि पुसायची वेळ आली, तर आधी मला विचार."